विदर्भातून दोघांनी समुद्रावर जायचं तर : आधी महिना, मग स्टेशन, मग किनारा

समुद्रावर जायचं ठरलं की बहुतेक जोडप्यांची सुरुवात मोबाइलमधल्या फोटोपासून होते. फोटो आवडतो, त्या हॉटेलला आगाऊ रक्कम जाते, मग रेल्वेचं तिकीट पाहायला बसलं की वेटिंग दिसतं, आणि जूनमध्ये तिथे पोचल्यावर कळतं की बोटी सप्टेंबरपर्यंत बंद आहेत. यातली एकेक गोष्ट करायची असतेच, फक्त उलट्या क्रमाने होते. हॉटेल सगळ्यात शेवटी ठरवायचं असतं.

पुढचे टप्पे नवीन लग्न झालेल्यांसाठी आहेत, आणि पोरं मोठी झाल्यावर पहिल्यांदाच दोघंच निघणाऱ्यांसाठीही. क्रम सोडू नका.

## टप्पा १ : निव्वळ दिवस मोजा

सुट्टी किती दिवसांची हा प्रश्नच चुकीचा. समुद्राजवळ पूर्ण दिवस किती मिळणार, हे काढा.

दारव्ह्याहून मालवणला जायचं समजा. आधी एसटीने बडनेरा, तिथून महाराष्ट्र एक्सप्रेसने कोल्हापूर, मग घाट उतरून बसने मालवण. आज निघालात तर कोल्हापूरलाच उद्याची दुपार होते, मालवणला पोचेपर्यंत रात्र. परतीचंही तेच. म्हणजे सहा दिवसांच्या सुट्टीतले चार दिवस प्रवासातच गेले. त्यात गाव ते स्टेशन हा अर्धा दिवस लोक हटकून विसरतात. मेहकर, उमरखेड, अहेरी इकडच्यांचा तर तो अर्धाही नसतो, पूर्णच जातो.

साधा नियम: किनाऱ्यावर तीन पूर्ण दिवस मिळत नसतील तर ती जागा यादीतून काढा. एकूण पाच-सहा दिवस असतील तर अलिबाग-काशीद किंवा पुरी. सात-आठ असतील तर मालवण-तारकर्ली किंवा विशाखापट्टणम. अंदमानचा विचार नऊ दिवसांच्या आत करू नका.

सावध: पॅकेजवाला ‘३ रात्री ४ दिवस’ म्हणतो तेव्हा पहिल्या दिवशी रूम दुपारी बारा-दोनला मिळते आणि चौथ्या दिवशी सकाळी दहा-अकराला सोडावी लागते. हातात दोनच पूर्ण दिवस येतात.

## टप्पा २ : महिना ठरवा, समुद्राचा आणि वावराचाही

सगळ्यात जास्त पैसे याच टप्प्यावर बुडतात. आपल्याकडे लग्नं एप्रिल-मेची. लग्न, सत्यनारायण, कुलदैवत, मांडवपरतणी हे सगळं उरकून जोडपं मोकळं होतं मेच्या अखेरीस, आणि नेमका तेव्हाच समुद्राचा हंगाम संपतो.

कोकणात मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ३१ ऑगस्टपर्यंत स्कूबा (हवेची टाकी लावून पाण्याखाली उतरणं), पॅरासेलिंग, जेट-स्की बंद असतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटी थांबतात. गेटवे ते मांडवा या लहान बोटीही पावसाळ्यात बंद असतात. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, म्हणजे ताजी मासळी कमी आणि जी मिळेल ती महाग. पाऊस ७-१० जूनला येतो असं धरून मेअखेरचं बुकिंग करणंही धोक्याचं. २०२५ मध्ये तो २६ मेलाच मुंबईत दाखल झाला होता.

पूर्व किनाऱ्याचं वेळापत्रक वेगळं. तिकडे मासेमारीबंदी १५ एप्रिल ते १४ जून. बंगालच्या उपसागरात वादळं दोनदा उठतात: पावसाळ्याआधी एप्रिल-मेमध्ये आणि नंतर ऑक्टोबर ते डिसेंबर. तमिळनाडूचा मुख्य पाऊस परतीचा, तोही ऑक्टोबर ते डिसेंबरच. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत रामेश्वरम किंवा पुद्दुचेरी ठरवणारे बरेचदा खिडकीतून पाऊस बघत बसतात. अंदमानात मोसमी पाऊस मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोचतो.

आता वावराकडे या. सोयाबीन निघतं सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, मग कापसाचा वेचा सुरू. तूर डिसेंबर-जानेवारीत, चना फेब्रुवारी-मार्चमध्ये. धानपट्ट्यात कापणी-मळणी डिसेंबरपर्यंत चालते. कास्तकाराच्या घरी दोघांनी एकदम बाहेर पडायची खरी फट म्हणजे तूर घरात आल्यापासून चना सोंगणीला येईपर्यंत, साधारण जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य. योगायोगाने त्याच दिवसांत कोकण, पुरी, विशाखापट्टणम, अंदमान सगळीकडे हवा चांगली असते, नाताळची गर्दी आणि भाव उतरलेले असतात, आणि रेल्वेत जागा मिळते. लग्न मेमध्ये झालं असेल तर ही सहल जानेवारीपर्यंत पुढे ढकला. लग्नानंतर लगेचच गेलं पाहिजे, असा कुठलाच मुहूर्त नसतो.

शिक्षक आणि नोकरदारांना दिवाळीच सोयीची असेल तर कोकण धरा, पूर्व किनारा नको. मेमध्येच जमत असेल तर पहिल्या पंधरवड्यात जा आणि एसी रूमच घ्या. आपला उन्हाळा कोरडा, म्हणून कूलर चालतो. समुद्राकाठी हवेतच इतका ओलावा असतो की कूलर फक्त खोली दमट करतो. तिथलं ३३ अंश अकोल्याच्या ४३ पेक्षा सोपं जाईल, हा समज पहिल्याच दुपारी घामोळ्यांसह उतरतो.

तपासा: निघण्याच्या आठ दिवस आधीपासून हवामान खात्याचा त्या जिल्ह्याचा अंदाज रोज पाहा. मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचा इशारा असेल तर तुमचीही बोट सुटणार नाही.

## टप्पा ३ : तुमच्या स्टेशनवरून किनारा निवडा

समुद्र म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी गोवा. पण विदर्भ लांबट आहे, आणि गोंदियाकराला जो किनारा जवळचा तो बुलडाण्याच्या माणसाला आडवळणाचा. नकाशावरचं अंतर सोडा. कमीत कमी गाड्या बदलून कुठे पोचता, ते पाहा.

गोंदिया, भंडारा, नागपूर: ओडिशाकडे बघा. पुरी-अहमदाबाद आणि पुरी-ओखा या गाड्या विदर्भातून जातात, एका रात्रीत गाडी न बदलता पुरी. सोबत कोणार्क आणि सातपाड्याहून चिल्का सरोवरातली डॉल्फिनची बोट. घरच्यांना जगन्नाथाचं दर्शन सांगता येतं, हा फायदा वेगळा. दोष एकच: पुरीच्या लाटा जोरदार आहेत, पोहण्यासाठी ही जागा नाही.

चंद्रपूर, बल्लारशा, वर्धा: विशाखापट्टणमसाठी एपी एक्सप्रेस नागपूर-बल्लारशावरून विजयवाडामार्गे जाते. तिथे आर. के. बीच फिरण्यापुरता, पाण्यात उतरायचं तर ऋषिकोंडा. आणि एक दिवस अरकूच्या डोंगराला. शांतता हवी असेल तर चेन्नईच्या मार्गावर चिराला आणि बापटला ही स्टेशनं आहेत. बापटल्यापासून सूर्यलंकेचा किनारा ऑटोच्या अंतरावर. तुमची गाडी तिथे थांबते का, ते आधी बघा.

अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम: मुंबईकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाड्या तुमच्या हाताशी आहेत. सकाळी मुंबईत उतरून गेटवेहून मांडव्याची बोट धरली की दुपारचं जेवण अलिबाग-नागावला. काशीद तिथून पुढे तासाभरावर. शनिवार-रविवार टाळा, त्या दिवशी अर्धी मुंबई तिथेच असते. स्वतःच्या गाडीने निघणार असाल तर समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुला आहे. टायरची हवा आणि वय दोन्ही तपासल्याशिवाय त्यावर चढू नका.

मालवण-तारकर्ली: विदर्भातून कुठूनही लांबच, पण ज्यांना पाण्याखालचं बघायचं आहे त्यांनी राज्यात इथेच जावं. नागपूर-मडगाव विशेष गाडी चालू असेल तर कुडाळला उतरा, नाहीतर महाराष्ट्र एक्सप्रेसने कोल्हापूर. नवीन जोडप्याला वाटेत अंबाबाईचं दर्शन होतं. राज्यातल्या एसटीत बाईमाणसाला निम्मं तिकीट, हे कोल्हापूर-मालवणच्या हिशोबात धरा.

सावध: ‘स्पेशल’ गाड्यांचे वार आणि मुदत बदलत राहतात. जायची गाडी आहे म्हणून यायचीही असेल, असं गृहीत धरू नका.

## टप्पा ४ : बेटच पाहिजे असेल तर

अंदमानला नागपूरहून चेन्नई, कोलकाता किंवा दुसऱ्या मोठ्या शहरात विमान बदलून जावं लागतं. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम आहे, हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप; बुकिंगच्या साइटवर जुनी-नवी दोन्ही नावं दिसतात, घाबरू नका. या तीन ठिकाणी भारतीयांना परवाना लागत नाही.

बुकिंगचा क्रम असा: आधी विमान, मग बेटांमधल्या बोटी, मग हॉटेलं. उलट केलं की हॉटेल एका बेटावर आणि बोटीचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं, अशी गत होते. सगळ्यात महागाची चूक शेवटच्या रात्रीची: स्वराज द्वीपवर मुक्काम आणि दुसऱ्या सकाळी श्री विजयपुरमहून विमान. समुद्र खवळून बोट रद्द झाली की विमान गेलं. शेवटची रात्र श्री विजयपुरमलाच काढा. सेल्युलर जेल कोणत्या दिवशी बंद असतो ते आधी विचारा, त्यानुसार दिवस मांडा. तिथे घड्याळ आपलंच पण सूर्य फार पुढे. हिवाळ्यात पाचच्या सुमारास मावळतो. दुपारी चारला रूमवरून निघणारे सूर्यास्त चुकवतात.

लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेशपरवाना लागतो, तो हातात आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका.

परदेशी बेटं ठरवत असाल तर दोघांच्याही पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने तरी शिल्लक पाहिजे.

## टप्पा ५ : नावं आणि कागदं

लग्नानंतर इथे हमखास घोळ होतो. आधारवर माहेरचं नाव, पासपोर्टवरही माहेरचंच, आणि नवरोबा हौसेने विमानाचं तिकीट सासरच्या आडनावाने काढतात. नियम साधा आहे: जे ओळखपत्र दाखवणार, त्यावरचंच नाव तिकिटावर. नाव बदलायचं तर ते सहलीच्या आधी पूर्ण करा किंवा परत आल्यावर सुरू करा, मध्येच अर्धवट ठेवू नका. पासपोर्टवर माहेरचं नाव असलं म्हणून काही बिघडत नाही, लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती नाही.

लॉजवर दोघांचीही मूळ ओळखपत्रं मागतात. वेगवेगळी आडनावं बघून काही ठिकाणी उगाच प्रश्न विचारतात. विवाह नोंदणीचा दाखला फोनमध्ये ठेवला की बोलणं तिथेच संपतं. तोही ग्रामपंचायतीतून आधीच काढून घ्या.

## टप्पा ६ : तिकीट, मग रूम

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं. दिवस मोजताना गाडी जिथून सुटते तिथली तारीख धरा. मागच्या राज्यातून येणारी गाडी तुमच्या स्टेशनवर रात्री बारानंतर येत असेल तर एका दिवसाचा फरक पडतो, आणि तत्काळमध्ये हाच फरक जागा घालवतो. तत्काळ एक दिवस आधी: एसीला १० वाजता, स्लीपरला ११ वाजता. कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. ऑनलाइन तत्काळसाठी खातं आधारशी जोडलेलं लागतं, ते काम आदल्या रात्री करायला बसू नका.

जाण्याचं आणि येण्याचं दोन्ही कन्फर्म झालं की मगच रूम. फोनवर हे विचारा, आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या:

- भाडं माणशी की रूमचं? कर धरून का?
- समुद्र रूममधून दिसतो, की गच्चीवरून? ‘सी व्ह्यू’ हे झाडांच्या फटीतून दिसणाऱ्या निळ्या पट्टीलाही म्हणतात.
- किनारा पायी किती मिनिटं? रात्री रस्त्याला दिवे आहेत का?
- जनरेटर किंवा इन्व्हर्टरवर एसी चालतो का?
- जेवण तिथेच आहे का, आणि शाकाहारी जेवण वेगळ्या भांड्यात बनतं का? माळकरी किंवा महानुभाव घरातल्यांनी हे आधीच बोलून घ्यावं. कोकणात घरगुती ठिकाणी आदल्या दिवशी सांगितलं की करून देतात.
- आम्ही रद्द केलं तर किती परत? वादळामुळे बोटी बंद पडल्या तर?

आगाऊ रक्कम पाव भागाहून जास्त देऊ नका. हॉटेलच्या नावाने बनावट साइट काढून यूपीआयवर पूर्ण पैसे मागणारे बरेच आहेत. नंबर नकाशावरच्या नोंदीशी जुळवा आणि ज्या रूमचे पैसे देणार तिचा व्हिडिओ मागा. टाळाटाळ झाली की दुसरं हॉटेल बघा. फार शंका असेल तर एमटीडीसीचे (राज्य पर्यटन महामंडळाचे) निवास तारकर्ली, गणपतीपुळे, वेळणेश्वर, हरिहरेश्वर इथे आहेत. दिमाख बेताचा, पण जागा बहुतेक पाण्याला लागून.

## टप्पा ७ : तिथीवरून दिवस आखा

समुद्र दिवसभर सारखा नसतो, हे आपल्याकडच्या माणसाला तिथे गेल्यावरच कळतं. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज वेळ सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते.

मुंबई-रायगडच्या किनाऱ्यासाठी जुनं ढोबळ गणित: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास. एकादशीला सव्वाआठ. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. एकादशीला ती दोनच्या सुमारास, म्हणून एक वाजता निघा आणि पाणी वळायच्या आत परत फिरा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फारसं ओसरत नाही, वाट कोरडी पडेलच असं नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण; पाणी खूप चढतं आणि खूप ओसरतं.

मालवणकडे वेळ थोडी अलीकडे येते, आणि पूर्व किनाऱ्याला व अंदमानला हे गणित लावू नका, तिथल्या बोटवाल्याला विचारा. शहीद द्वीपला ओहोटीत प्रवाळाचे खडक उघडे पडतात, पोहायला भरतीच लागते.

## टप्पा ८ : पाण्यात उतरताना

विहिरीत सूर मारणारा आणि कॅनॉलवर पोहलेला गडी समुद्रात सगळ्यात आधी अडचणीत येतो, कारण त्याला पोहता येतं याची खात्री असते. विहिरीचं पाणी माणसाला ओढत नाही, समुद्राचं परतणारं पाणी ओढतं. लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा शांत दिसला तर तिथे उतरू नका, बहुतेकदा तिथूनच पाणी आत जात असतं. ओढलं गेलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ संपली की बाहेर या. पुरीला नोलिया (किनाऱ्यावरचे स्थानिक जीवरक्षक) जिथे उभे असतात तिथेच उतरा.

साडी नेसून किंवा ओढणी घेऊन गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका. भिजलेलं कापड पायात गुंडाळतं आणि पुढची लाट खाली पाडते. सोनं घरीच ठेवा. गार पाण्यात बोटं आक्रसतात, साखरपुड्याची अंगठी कधी निसटली ते समजतही नाही, आणि वाळूत ती परत मिळत नाही. मंगळसूत्र काढायचं नसेल तर त्या दिवसांपुरती काळ्या मण्यांची साधी पोत घाला.

बोट लागते त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेली गोळी बोटीत बसण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर नव्हे. पोट रिकामंही नको आणि तर्रीने भरलेलंही नको. बसायला बोटीचा मधला-मागचा भाग घ्या.

दमा, हृदयाचा त्रास, कानाचं दुखणं किंवा दिवस गेलेले असतील तर स्कूबा नाही. हे फॉर्मवर लपवू नका. स्कूबानंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही, म्हणून ते शेवटच्या दिवसावर टाकू नका.

सावध: अंदमानातून प्रवाळाचे तुकडे पिशवीत घालून आणू नका, किनाऱ्यावर मेलेले पडलेले असले तरी. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात.

परतीच्या दिवशी रूम सकाळी सोडावी लागते आणि गाडी बहुतेकदा रात्रीची असते. बॅगा ठेवायला आणि संध्याकाळी अंघोळीला जागा देतील का, हे रूम घेतानाच विचारून ठेवा. मिठाचं अंग घेऊन स्लीपरमध्ये वीस तास काढणं फार जड जातं. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, तेव्हा दोन छोटी कुलपं घरूनच घ्या.